सरासरी सात तास

मी गेली बावीस वर्षं एका विमा कंपनीत आरोग्य विम्याचे क्लेम तपासतो. लिव्हरची फाइल टेबलावर आली की आमच्याकडून एक ठरलेलं पत्र जातं: रुग्णाच्या मद्यपानाचा इतिहास कळवावा. काही लोक चिडून उलट लिहितात, आम्ही माळकरी आहोत, आमच्या घरात कुणी थेंबाला शिवत नाही. मी ते पत्र फाइलला टाचतो आणि मनात म्हणतो, बरोबर आहे, सगळेच माळकरी.

त्यामुळे ऑफिसच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफीच्या डॉक्टरने माझ्या पोटावर ते गारगार जेल फासून, स्क्रीनवरची नजर न काढता, "किती घेता?" असं विचारलं, तेव्हा मला नवल वाटायला नको होतं.

"काय किती?"

"ड्रिंक्स."

"मी घेत नाही."

"ऑकेजनली?"

"कधीच नाही."

तो गालात हसला. ते हसू माझ्या चांगल्या ओळखीचं होतं.

रिपोर्टात 'फॅटी लिव्हर, ग्रेड टू' असं आलं. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "टू म्हणजे सेकंड क्लास ना? मग तुम्ही दहावीपासून तिथेच आहात." वडिलांनीही चष्मा लावून वाचलं, पण ते काही बोलले नाहीत. कागदाची घडी घालून त्यांनी तो मला परत दिला. ते का बोलले नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा पाठचा भाऊ, माझा काका, साठीच्या आत पोटात पाणी होऊन गेला. बाटलीला त्याने जन्मात हात लावला नव्हता. तरी त्याच्या तेराव्याला आलेले लोकसुद्धा जिन्यात हळूच म्हणत होते, लपून पीत असणार. तो प्रचंड घोरायचा आणि जेवणानंतर गूळ खायचा, याखेरीज त्याचा काही गुन्हा मला आठवत नाही.

मीही घोरतो. गूळ खात नाही, पण बाकी बरंच खातो.

परळला एका लिव्हरच्या डॉक्टर बाईंची वेळ घेतली. वेळ साडेअकराची होती आणि बाहेर बाकावर मी पावणेबारापर्यंत जागा होतो. त्यानंतरचं मला माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा समोरचे सात-आठ पेशंट माझ्याकडे बघत होते, आणि डॉक्टर बाई स्वतः केबिनच्या दारात उभ्या होत्या.

"घोरणं नेहमीचं आहे?" त्यांनी आत गेल्या गेल्या विचारलं.

"घराण्यातलं आहे."

"दिवसा झोप येते?"

"आली तर घेतो."

त्यांना विनोदाचं वावडं नसावं, पण त्यांनी तो लिहून घेतला नाही. दोन तपासण्या लिहून दिल्या. एक लिव्हर किती ताठर झालंय ते मोजणारी आणि दुसरी झोपेची. झोपेच्या तपासणीसाठी घरीच एक छोटं यंत्र देतात. छातीला पट्टा, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा लावून झोपायचं. माझा श्वास तासाला अडतीस वेळा थांबत होता. मी थक्क झालो. मी इतक्या नियमितपणे दुसरं काहीच करत नाही.

पुढच्या भेटीत दोन्ही रिपोर्ट समोर ठेवून बाई शांतपणे बोलल्या. त्यांचं बोलणं मी इथे जमेल तसं नीट लिहितो, कारण पुढचा सगळा घोळ ते मी नीट न ऐकल्याने झाला.

"लिव्हर ताठर व्हायला लागलंय. थोडंच. इथून मागे फिरता येतं. आणखी पुढे गेलात तर येणार नाही. आता झोपेचं. श्वास थांबला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो, शरीर दचकतं, परत झोपतं. रात्रभर हेच. त्याचा मार लिव्हरलाही बसतो असं दिसतंय. मशीन लावून श्वास मोकळा ठेवला तर लिव्हरलाही फायदा होऊ शकतो. होईलच, असं मी म्हणणार नाही. काही अभ्यासांत दिसतो, काहींत दिसत नाही. झोपेसाठी, हार्टसाठी, बीपीसाठी मशीन तुम्हाला हवंच. पण लिव्हरसाठी खात्रीचं औषध म्हणाल तर वजन उतरवणं. रोज पाऊण तास चाला, भात निम्मा करा, तळलेलं बंद. सहा महिन्यांनी परत मोजू."

यातलं 'मशीन लावलं तर लिव्हरलाही फायदा' एवढं घेऊन मी घरी आलो. उरलेलं परळच्या नाक्यावरच राहिलं.

आमचं घर म्हणजे डिलाईल रोडला जिथे आमची चाळ होती तिथेच उभ्या राहिलेल्या टॉवरचा चौदावा मजला. मुलगी नोकरीला बंगळुरूला. बेडरूममध्ये आम्ही दोघं, बाहेर हॉलमध्ये दिवाणावर वडील. आई जाऊन नऊ वर्षं झाली. बायको एका शाळेच्या ऑफिसात काम करते. आम्ही दोघं सकाळी नऊला बाहेर पडतो. ती सहाला परत येते, मी साडेसातला. मधला सगळा दिवस घर वडिलांचं.

वडील गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. गिरण्यांच्या संपानंतर ते कुठे कुठे वॉचमन म्हणून राहिले, त्यातही पाळी रात्रीचीच. त्यामुळे त्यांची झोप ही आमच्याकडे कौतुकाची गोष्ट. बोलता बोलता झोपतात, घास हातात घेऊन झोपतात. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते मूठभर अक्षता धरून उभ्या उभ्या झोपले होते, आणि वऱ्हाडातले लोक एकमेकांना अभिमानाने सांगत होते, "तिसऱ्या पाळीचा माणूस आहे." घोरण्याचं म्हणाल तर चाळीत त्यांच्यावरून लोक पत्ता सांगत. जिन्यावरून वर या, घोरणं ऐकू येईल ती खोली सोडून पुढची. ते आजारबिजार असेल असं आमच्या डोक्यात कधी आलं नाही. माझं घोरणंही त्याच खात्यात जमा होतं.

मशीन आलं. पोळ्यांच्या डब्याएवढं, करड्या रंगाचं. त्याला एक लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क, मास्कला डोक्यामागून जाणारे पट्टे. चालू केलं की नाकात सतत हवा सोडतं. ते लावून मी पलंगावर बसलो तेव्हा बायको दारात उभी राहून बराच वेळ बघत होती.

"सोंड आली," ती म्हणाली. "विसर्जन कधी?"

वडील मशीनच्या मागे पुढे फिरून आले. बटणं बघितली, वायर कुठे जाते ते बघितलं, पाण्याचं भांडं काढून परत बसवलं. घरात ते मालवणीतच बोलतात.

"ह्या रातीचाच चालता?"

"हो. झोपताना लावायचं."

"आणि दिवसा?"

"दिवसा बंद."

ते "हं" म्हणाले आणि दिवाणावर जाऊन झोपले.

आता मी ते मशीन कसं वापरलं ते सांगतो. रात्री अकराला लावायचो. दीडच्या सुमाराला कधीतरी नाकाला वारा सहन न होऊन, अर्धवट झोपेत, काढून उशीशेजारी ठेवायचो, आणि उरलेली रात्र वडिलोपार्जित पद्धतीने काढायचो. सकाळी उठल्यावर थोडं वाईट वाटायचं, पण ते चहापर्यंतच. रोज रात्री मास्क लावताना पट्टा मात्र मला घट्ट व्हायचा. काल सैल केलेला पट्टा आज परत घट्ट. चेहरा सुजतोय की काय, लिव्हरमुळे असं होतं म्हणतात, या शंकेने मी दोनदा आरशात गाल दाबून बघितले. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "सूज नाही, तेच आहेत."

महिन्याने मशीनमधलं कार्ड घेऊन परळला गेलो. त्या कार्डात सगळं नोंदलं जातं, किती वापरलं, हवा किती गळली, श्वास किती वेळा थांबला. तिथल्या टेक्निशियनने ते कॉम्प्युटरला लावलं आणि म्हणाला, "एक्सलंट, सर. सरासरी सात तास. लोक चार तासही वापरत नाहीत."

अडीच तासांचे सात कसे झाले, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पडला, आणि मी तो उचलून बाजूला ठेवला. झोपेत माणूस काय करतो ते त्याला कुठे कळतं? काढल्यासारखं वाटत असेल, प्रत्यक्षात काढत नसेन. शिवाय मी बावीस वर्षं लोकांना सांगत आलोय की तुम्हाला काय आठवतं ते महत्त्वाचं नाही, कागदावर काय आहे ते दाखवा. आता कागद माझ्या बाजूने होता.

या सात तासांवर मी पाच महिने मजेत काढले. चालायला जायचं म्हणून बूट आणले होते, ते ऑफिसला वापरायला लागलो. रविवारी मटणाच्या सागोतीबरोबर वडे होतेच, बायकोने तिसरा वडा वाढताना हात आखडला की मी म्हणायचो, "अगं, रात्रभर मशीन चालू असतं." जणू रात्री कुणी गवंडी येऊन माझं लिव्हर घासून पुसून जात होता.

याच दिवसांत घरात आणखी एक बदल झाला आणि त्याचंही श्रेय मी घेतलं. वडील तरतरीत झाले. आधी पेपर उघडून पहिल्या पानावरच त्यांची मान खाली यायची. आता ते छोट्या जाहिरातींपर्यंत जात आणि वर संध्याकाळी आम्हाला प्रश्न विचारत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टच्या देखभालीवरून ते सेक्रेटरीशी वीस मिनिटं भांडले, आणि त्यांचे मुद्दे बरोबर होते. लालबागला जाऊन, समोर उभं राहून मसाला कुटून आणला. शहात्तराव्या वर्षी! मी त्यांना त्या सुमाराला च्यवनप्राश आणून दिला होता. मी ऑफिसात चार जणांना त्या च्यवनप्राशाचं नाव लिहून दिलं. रविवारी तेवढे ते पुन्हा जुन्यासारखे पेंगायचे. मी म्हटलं, सागोती जड होत असेल.

सहा महिने झाले. पुन्हा परळ, पुन्हा बरगडीखाली त्या यंत्राचे टकटक ठोके. मी प्रसन्न चेहऱ्याने आत जाऊन बसलो. बाईंनी नवा आकडा बघितला, जुना काढून बघितला, पुन्हा नवा बघितला.

"ताठरपणा वाढलाय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्या दुसऱ्या कुणाचा कागद बघताहेत.

"वजनही दोन किलो वाढलंय. चालता?"

"अधूनमधून."

"भात?"

"अधूनमधून कमी करतो."

"मशीन मात्र सात तास." त्या कपाळाला आठ्या घालून विचार करायला लागल्या. काकाचं फुगलेलं पोट, त्याच्यावर आईने घातलेली चादर आणि तिच्या कडेचा निळा पट्टा, हे सगळं विनाकारण अगदी स्पष्ट डोळ्यांपुढे आलं. बाईंनी कार्ड मागवलं आणि या वेळी सरासरी न बघता त्यांनी रोजचा आलेख उघडला. एकेका दिवसाची एकेक आडवी रेघ. मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला.

"तुम्ही नोकरी काय करता?"

"विमा कंपनीत आहे."

"वेळ?"

"दहा ते सहा."

"मग हे काय आहे?" त्यांनी पेनाने दाखवलं. रोज दोन तुकडे होते. एक रात्री अकरा ते दीड. दुसरा दुपारी साडेबारा ते साडेपाच. "दुपारी पाच तास झोपता ऑफिसात? आणि रविवारी नाही झोपत? रविवारी फक्त रात्रीचा तुकडा आहे."

विम्याच्या कामात एक सवय लागते. घोटाळा समोर आला की आधी गप्प बसायचं. मी गप्प बसलो. पण मान वर करायच्या आत मला सगळं कळलं होतं. पट्टा का घट्ट व्हायचा तेही.

"रात्रीचे अडीच तास माझे," मी म्हटलं.

"आणि दुपारचे?"

"चौकशी करून सांगतो."

ऑफिसला न जाता मी तसाच घरी आलो. दुपारचे अडीच वाजले असतील. चावीने दार उघडलं. हॉलमधला दिवाण रिकामा होता, चादर घडी करून ठेवलेली. पंखा बंद. मी आधी उभा राहिलो, कारण घरात काहीतरी चुकीचं होतं आणि ते काय हे कळेना. मग कळलं. आवाज नव्हता.

बेडरूमच्या दारातून मी बघितलं. वडील माझ्या बाजूला, माझ्या उशीवर, उताणे झोपले होते. नाकावर मास्क, छातीवर दोन्ही हात. मशीन अगदी बारीक सूं करत होतं. त्यांची छाती वर जात होती, खाली येत होती, परत वर जात होती. मध्ये कुठे अडकत नव्हती. पन्नास वर्षं मी या माणसाच्या शेजारी, समोर, पायथ्याशी झोपलो. त्यांना शांत झोपलेलं मी पहिल्यांदा बघत होतो. इतक्या वर्षांत मध्येच गप्प होऊन मग घुसमटून आलेला घोरण्याचा तो प्रत्येक मोठा आवाज, ज्याला आम्ही पोरं हसायचो, तो काय होता, हे मला त्या दारात उभं राहून समजलं.

मी त्यांना उठवलं नाही. हॉलमध्ये जाऊन त्यांच्या दिवाणावर बसलो आणि, लिहायला लाज वाटते, पण तिथेच झोपलो.

जाग आली तेव्हा ते समोर उभे होते. गालांवर पट्ट्यांचे वळ.

"इतक्या लवकर इलंस? बरा नाय काय तुका?"

"बाबा, हे कधीपासून चाललंय?"

त्यांनी नाही, हो, काय, असं काही केलं नाही. "तू आणलंस त्याच्या चार दिवसांनी."

"विचारायचं तरी."

"काय विचारतलंय? मशीन तुझ्या लिव्हराचा. माका खयचो रोग?" मग बेडरूमकडे हात करून, "दिवसभर बंद पडान असता. बंद मशीन बघवता काय?"

त्यांच्या दृष्टीने यात लपवण्यासारखं फारसं काही नव्हतं, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. कोकणातून ते मुंबईला आले तेव्हा याच डिलाईल रोडला एका गाळ्यात वीस-बावीस जण राहायचे आणि झोपायचे पाळीने. पहिल्या पाळीचा माणूस पहाटे उठून गेला की तिसरीचा येऊन त्याच गादीवर पडणार. गादी थंड होऊ द्यायची नाही. वडील आणि काका अशा एका गादीवर चार वर्षं झोपले, एक तिसरीला, दुसरा पहिलीला, आणि त्या चार वर्षांत एकमेकांना झोपलेलं त्यांनी फारसं बघितलं नाही. गिरणीतही तेच. पाळी सुटली की साचा पुसायचा आणि पुढच्याच्या हातात द्यायचा. त्याच नियमाने ते रोज साडेपाचला मास्क ओल्या फडक्याने पुसत, भांड्यात पाणी भरत, नळी गुंडाळून होती तशी ठेवत. फक्त त्यांचं डोकं माझ्यापेक्षा लहान म्हणून ओढलेला पट्टा सैल करायला ते विसरत. गिरणीचा नियम पट्ट्यापर्यंत पोचला नव्हता.

"पण लावावंसं का वाटलं?"

"एक दिवस लावून बघितलंय. उठलंय तेव्हा डोक्या हलका झाला होता." ते दिवाणाच्या कडेवर बसले. "गिरणी सुटल्यापासून असा हलका नाय झाला. माका वाटला, ह्या वयात असाच रवता."

बायको सहाला आली. मी तिला आलेखासकट सगळं सांगितलं. ती पर्स खांद्यावरून न काढता ऐकत होती. वडील मान खाली घालून होते, मीही होतो.

"म्हणजे," ती म्हणाली, "बाबांनी झोपायचं, तुम्ही वडे खायचे, आणि लिव्हर डॉक्टरांनी बरं करायचं." मग वडिलांकडे वळून, "आणि बाबा, तुम्ही! च्यवनप्राशाचे पुढचे दोन डबे मी उगाच आणले."

वडील हसले. मला हसता येत नव्हतं, कारण ऑफिसातले चार जण तो च्यवनप्राश अजून खात होते.

पुढच्या आठवड्यात वडिलांना घेऊन परळला गेलो. बाईंनी पहिल्यांदा आम्हा दोघांना एकत्र झापलं. मास्क म्हणजे दात घासायचा ब्रश आहे, तो दोघांनी वापरायचा नसतो. मशीन कुणाला लावायचं ते तपासणीशिवाय ठरवायचं नसतं. वडील सगळं ऐकून म्हणाले, "बाई, गाळ्यात आमी बावीस जण होतो." बाईंना गाळा कळला नाही, पण त्या हसल्या. झोपेची तपासणी झाली. वडिलांचा श्वास माझ्याहून जास्त वेळा थांबत होता, आणि कधीपासून, ते कोण सांगणार. सोनोग्राफीही झाली. वडिलांचं लिव्हर स्वच्छ निघालं. शहात्तर वर्षांचं, एक डाग नाही. ही बातमी त्यांनी लिफ्टमध्ये चौदा मजले चढेपर्यंत तीन अनोळखी लोकांना सांगितली.

मशीनला मात्र ते नको म्हणत होते. "माका आता कित्याक? तुझा लिव्हर बघ आधी." मी त्यांना म्हटलं, तुम्ही दुसरं मशीन घेतलं नाहीत तर मी माझं लावणार नाही. ही धमकी कितपत खरी होती सांगता येत नाही. मी ते तसंही फारसं लावत नव्हतो. पण त्यांना ती लागू पडली. दुसरं मशीन आलं आणि हॉलमध्ये दिवाणाशेजारी स्टुलावर बसलं.

माझ्यापाशी आता कुणाचेही उसने तास नव्हते. पहिल्या महिन्याची सरासरी अडीचच आली आणि टेक्निशियनने 'एक्सलंट' म्हटलं नाही. मास्क बदलून घेतला, नाकपुड्यांना नुसता टेकणारा. हवेचा जोर सुरुवातीला हळू असेल असं मशीनमध्ये करून घेतलं, जे पहिल्या दिवसापासून करता येत होतं आणि मला तेव्हाच सांगितलं होतं. तीन तास, मग चार. दीडला जाग आली की काढायचा हात अर्ध्या वाटेवर थांबवायला मला दोन महिने लागले. सकाळी सहाला वडिलांबरोबर चालायला निघायचो. ते पुढे, मी मागे. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपर्यंत जाऊन परत. शहात्तर वर्षांचा माणूस मागे वळून पन्नास वर्षांच्या माणसाला "चल रे, मेल्या" म्हणतो, हे दृश्य रस्त्यावरच्या दूधवाल्यांना रोज फुकट बघायला मिळे. रविवारी सागोती राहिली, वडे गेले. भाताचं मी खरं सांगत नाही. तो निम्मा झाला असं बायको म्हणते, आणि मोजून वाढणारी तीच आहे.

ऑफिसात ते ठरलेलं पत्र अजून जातं. ते बंद करणं माझ्या हातात नाही. उलट चिडून आलेली पत्रं मी आता शेवटपर्यंत वाचतो. क्वचित एखाद्याला फोन करून विचारतो, घरी कुणी घोरतं का हो? लोकांना वाटतं कंपनीने पैसे न द्यायला नवीन कारण शोधलं.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. वडील सोबत आले होते, त्यांना बाहेर बाकावर बसवून मी आत गेलो. या वेळी मी प्रसन्न वगैरे नव्हतो. बाईंनी तीन कागद ओळीने मांडले.

"चरबी कमी झालीय," त्या म्हणाल्या. "ताठरपणाही उतरलाय. पहिल्या वेळेला होता तिथे आलाय, किंचित खालीच. मागे फिरलात. पण पोचला नाहीत."

"मशीनमुळे?"

"तुम्ही सहा किलो उतरवलेत. चालताय. मशीन खरोखर लावताय. कशामुळे किती, हे मी सांगू शकणार नाही."

"अंदाजाने?"

"अंदाजाने तिन्ही चालू ठेवा."

मी बाहेर आलो. वडील जागे होते. शेजारच्या बाईला ते काहीतरी सांगत होते, बहुधा स्वतःच्या लिव्हरबद्दल. मला बघून थांबले.

"काय म्हणाली?"

"मागे फिरलंय म्हणाल्या. थोडं."

"थोडा म्हणजे?"

त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. वरचं नाव, वय, तारीख, मग आकडे, मग आकड्यांखालचं बारीक टायपातलं इंग्रजी, ज्यातलं त्यांना फारसं कळणार नव्हतं, तेही बोट फिरवत फिरवत. मी समोर उभा होतो. दोन पेशंट आत जाऊन आले. ते वाचत होते. शेवटची ओळ संपवून ते पुन्हा वर गेले आणि एका जागी बोट ठेवून थांबले.

"वजनाचो आकडो बरोबर नाय."

"बरोबर कसा नाही? आताच केलंय."

"चपला घालूनच उभो रवलंस मां?"

"हो."

"मग अर्धो किलो कमी धर."

मी धरला.